विश्लेषण : कार्यक्षमतेची फूटपट्टी आता ‘निर्णयवृक्षा’च्या हाती? वीज कंपन्यांना, बँकांना गुण देण्याची पद्धत कशी बदलते आहे?

जर्मनीत घरोघरी वीज पोहोचवणाऱ्या वितरण कंपन्यांना तेथील नियामक एक टक्केवारी देतो. ही टक्केवारी शंभर असेल तर कंपनी निश्चिंत. ती ८५ असेल, तर कंपनीच्या नियंत्रणात असलेल्या खर्चापैकी १५ टक्के खर्च ‘अकार्यक्षम’ मानला जातो आणि ठरवून दिलेल्या मुदतीत तो ग्राहकांकडून वसूल करण्याच्या उत्पन्नातून टप्प्याटप्प्याने वजा होतो. कंपनीचा नफा, कर्मचाऱ्यांची भरती आणि ग्राहकाचे बिल या तिन्हींवर या एका आकड्याचा परिणाम होतो. मात्र तो काढण्याचे गणित बाहेरच्या माणसाला सहसा समजत नाही. या गणितात गेल्या काही वर्षांत एक नवे हत्यार दाखल झाले आहे : ‘मशीन लर्निंग’मधला निर्णयवृक्ष. स्पेनमधील एल्चे येथील मिगेल एर्नांडेझ विद्यापीठातील मिरियम एस्तेवे, हुआन अपारिसिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ते मांडले. ‘एफिशियन्सी ॲनालिसिस ट्रीज’ अर्थात ‘ईएटी’ असे त्याचे नाव. ते काय आहे, जुन्या पद्धतींत काय कमी होते आणि त्याच्या आकड्यावर कुणाचे पैसे ठरवावेत का?

कार्यक्षमता मोजण्यात अडचण कसली?

एखादा कारखाना, बँकेची शाखा किंवा वीज उपविभाग किती चांगले काम करतो, हे सांगायचे तर ‘कशाच्या तुलनेत?’ हा प्रश्न आधी येतो. दर माणशी उत्पादन हा सोपा हिशेब आहे. पण एखाद्या ठिकाणी माणसे कमी आणि यंत्रे जास्त असतील तर तो फसतो. दुसरा मार्ग सरासरीचा. एवढी माणसे, एवढी यंत्रे असताना सर्वसाधारणपणे किती उत्पादन होते याची रेषा आखायची आणि कोण वर, कोण खाली ते पाहायचे. पण सरासरी हे ध्येय नव्हे. सगळेच ढिले असतील तर त्यातल्या त्यात बरा असणाराही शाबासकी घेऊन जातो.

इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ एम. जे. फॅरेल यांनी १९५७ मध्ये वेगळा विचार मांडला. तुलना सरासरीशी नको, प्रत्यक्षात कुणीतरी करून दाखवलेल्या सर्वोत्तम कामगिरीशी करा. दिलेल्या निविष्ठांमध्ये, म्हणजे माणसे, यंत्रे, इंधन, पैसा यांमध्ये, जास्तीत जास्त किती उत्पादन निघू शकते त्याची एक सीमा असते. ती सीमा आखली की प्रत्येकाचे तिच्यापासूनचे अंतर म्हणजेच त्याची अकार्यक्षमता. फॅरेल यांनी हा हिशेब अमेरिकेतील राज्यांच्या शेतीवर करून दाखवला. कल्पना स्वच्छ आहे. अडचण एवढीच, की ही सीमा कुणी पाहिलेली नसते. हाती असतात ती काही ठिपक्यांसारखी प्रत्यक्ष उदाहरणे. सीमा त्यांच्यावरून अंदाजाने काढावी लागते. पुढच्या साठ-पासष्ट वर्षांतले बहुतेक संशोधन हा अंदाज कसा करायचा याचेच आहे.

डीईए आणि एफडीएच म्हणजे काय?

अमेरिकेत गरीब घरांतील मुलांसाठी ‘फॉलो थ्रू’ नावाचा शालेय कार्यक्रम चालवला जात होता. तो राबवणाऱ्या शाळांचे मूल्यमापन करताना एडवर्डो ऱ्होड्स, अब्राहम चार्न्स आणि विल्यम कूपर यांनी १९७८ मध्ये ‘डेटा एनव्हलपमेंट ॲनालिसिस’ म्हणजे ‘डीईए’ ही पद्धत पुढे आणली. शाळांना नफा नसतो, त्यामुळे ताळेबंदावरून त्यांना जोखता येत नाही. डीईएमध्ये लिनिअर प्रोग्रामिंगच्या साह्याने सर्वोत्तम ठिपक्यांवर जणू ताणलेले कापड टाकले जाते आणि त्या कापडालाच सीमा मानले जाते. दोन चांगल्या शाळांच्या मधले मिश्रणही शक्य आहे, असे यात गृहीत धरलेले असते.

हे गृहीतक बेल्जियममधील डोमिनिक डेप्रिन्स, लिओपोल्ड सिमार आणि हेन्री तुल्केन्स यांना नको होते. टपाल कार्यालयांतील श्रमांच्या कार्यक्षमतेवरील १९८४ च्या लेखात त्यांनी एवढेच मानले की, जे कमी निविष्ठांत झाले ते जास्त निविष्ठांत नक्कीच होऊ शकते. या पद्धतीला ‘फ्री डिस्पोजल हल’ म्हणजे ‘एफडीएच’ म्हणतात. तिची सीमा कापडासारखी न दिसता जिन्यासारखी दिसते.

टपाल कार्यालयांचेच एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पुढे निर्णयवृक्षालाही तेच लावायचे आहे. आठ कार्यालये आहेत, क ते झ धरू नयेत म्हणून त्यांना पहिले ते आठवे असेच म्हणू. त्यांतील कर्मचारी अनुक्रमे २, ३, ४, ५, ६, ८, ९ आणि १०. रोज हाताळली जाणारी पत्रे ३००, ४५०, ४००, ७००, ६५०, ९००, ७५० आणि ९५०. आता चौथ्या क्रमांकापेक्षा एक माणूस कमी असलेल्या तिसऱ्या कार्यालयाकडे पाहा. तेथे ४ जण ४०० पत्रे हाताळतात. पण दुसऱ्या कार्यालयात ३ जणांत ४५० होतात. म्हणजे तिसऱ्याला किमान ४५० जमायला हवीत, त्याची कार्यक्षमता ८९ टक्के. याच न्यायाने पाचवे ७०० शी तोलले जाते व ९३ टक्क्यांवर येते आणि सातवे ९०० शी तोलून ८३ टक्क्यांवर. बाकी पाच कार्यालयांना शंभर टक्के, कारण तितक्याच किंवा कमी माणसांत त्यांच्याहून जास्त काम करणारे दुसरे कुणी नाही.

यात खटकण्यासारखे काय?

आठव्या कार्यालयाला शंभर टक्के का मिळाले, ते पाहण्यासारखे आहे. तेथे १० माणसे आहेत आणि दर माणशी फक्त ९५ पत्रे. पहिल्या दोन कार्यालयांत दर माणशी १५० होतात. पण दहा माणसांचे दुसरे कार्यालय तुलनेला नाही आणि त्याहून लहान कुणीही ९५० पर्यंत पोहोचलेले नाही. गावात एकच पहिलवान असेल तर दंगलीत तोच पहिला येणार, तसे हे आहे. अशा कार्यालयाला ‘कार्यक्षम’ म्हणणे म्हणजे त्याला पुरावा नसल्याचा फायदा देणे आहे.

यात निविष्ठांचे प्रकार वाढवले की गोष्ट हाताबाहेर जाते. माणसांबरोबर सायकली, इमारतीचे भाडे, टपाल क्षेत्राचा विस्तार हेही मोजले, तर प्रत्येक कार्यालय कोणत्या ना कोणत्या बाबतीत ‘एकमेव’ ठरते आणि जवळपास सगळ्यांनाच शंभर टक्के मिळतात. म्हणून तुलनेतील एककांची संख्या निविष्ठा आणि उत्पादनांच्या एकत्रित संख्येच्या किमान तिप्पट असावी, असा एक ढोबळ नियम या क्षेत्रात पाळला जातो. तो ढोबळच आहे. तिप्पट झाल्याने काही जादू होत नाही.

संख्याशास्त्राच्या भाषेत या दोषाला ‘ओव्हरफिटिंग’ म्हणतात. मागच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकेची उत्तरे पाठ केलेला विद्यार्थी त्याच पेपरात पैकीच्या पैकी मिळवतो, नव्या पेपरात गडबडतो. एफडीएचची सीमा हाती आलेल्या नमुन्याला अशीच चिकटून बसते. खरी सीमा या नमुन्याच्या वर कुठेतरी असण्याची शक्यता असते, कारण जे सर्वोत्तम शक्य आहे ते नेमके आपल्या नमुन्यातच सापडेल असे नाही. त्यामुळे या पद्धतीत सीमा खाली आखली जाते आणि गुण वर जातात. १९७७ मध्ये आलेली ‘स्टोकॅस्टिक फ्रंटियर ॲनालिसिस’ म्हणजे ‘एसएफए’ ही पद्धत यातून वेगळी वाट काढते. ती नशिबाचा आणि मोजमापाच्या चुकांचा भाग वेगळा काढते. पण त्यासाठी उत्पादनाचे सूत्र कोणत्या आकाराचे आहे हे तिला आधीच सांगावे लागते. सूत्र चुकले तर पुढचे सगळे चुकले.

निर्णयवृक्ष येथे काय करतो?

निर्णयवृक्ष ही कल्पना जुनीच आहे. लिओ ब्रायमन, जेरोम फ्रीडमन, रिचर्ड ओल्शेन आणि चार्ल्स स्टोन यांचे वर्गीकरण आणि प्रतीपगमन वृक्षांवरील पुस्तक १९८४ चे, म्हणजे एफडीएचचा लेख आला त्याच वर्षीचे. फ्लॅटच्या किमतीचा अंदाज बांधणारा वृक्ष विचारतो : क्षेत्रफळ ६०० चौरस फुटांपेक्षा कमी की जास्त? जास्त असेल तर, स्टेशन जवळ की लांब? असे एकेक प्रश्न विचारत तो सगळ्या फ्लॅटांचे गट पाडतो आणि शेवटच्या गटाला, म्हणजे ‘पाना’ला, त्यातील किमतींची सरासरी हे उत्तर देतो. कोणता प्रश्न आधी विचारायचा, हेही तो आकड्यांवरूनच ठरवतो : ज्या प्रश्नाने अंदाजातील चूक सर्वांत कमी होते तो आधी.

एल्चेच्या संशोधकांनी यात दोन बदल केले. पहिला, पानावरचे उत्तर सरासरीऐवजी कमाल. त्या गटातील सर्वांत चांगल्याने जेवढे केले तेवढे त्या गटाची सीमा. दुसरा, सीमा मागे वळता कामा नये. कमी निविष्ठांच्या पानावर ४५० चे उत्तर आले असेल, तर जास्त निविष्ठांच्या पानावर ते ४५० पेक्षा खाली येऊ शकत नाही, भले त्या पानावरची प्रत्यक्ष उदाहरणे ४०० चीच असोत. फॅरेल आणि बेल्जियन त्रयीची अर्थशास्त्रीय शिस्त अशा रीतीने वृक्षाच्या पोटात घातली गेली.

आपल्या आठ कार्यालयांवर हे करून पाहू. सुरुवातीला सगळी एकाच गटात असतात आणि सीमा ९५०. आता एकच फाटा फोडायचा तर कुठे? प्रत्येक जागा तपासली, तर चूक (म्हणजे सीमेपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज) सर्वांत कमी होते ती ४ आणि ५ कर्मचाऱ्यांच्या मध्ये. डावीकडे पहिली तीन कार्यालये, सीमा ४५०. उजवीकडे उरलेली पाच, सीमा ९५०. पुढचा उपयोगी फाटा उजव्या बाजूला, ६ आणि ८ च्या मध्ये : चौथे व पाचवे कार्यालय एका पानावर, सीमा ७००, शेवटची तीन दुसऱ्या पानावर, सीमा ९५०. इथे थांबलो तर तीन पानांचा वृक्ष तयार होतो. एफडीएचच्या जिन्याला पाच पायऱ्या होत्या, याला तीन.

गुण कसे बदलतात? दुसरे, चौथे आणि आठवे एवढीच शंभरावर राहतात. सहावे ९५ टक्क्यांवर येते, सातवे ८३ वरून ७९ वर. पूर्ण गुणांचे मानकरी पाचावरून तीनवर आले. आणि पहिले कार्यालय शंभरावरून थेट ६७ टक्क्यांवर, कारण त्याची ३०० पत्रे आता ४५० शी तोलली जात आहेत.

कुठे थांबायचे हे कोण ठरवते?

येथे थांबलो नाही, फाटे फोडत गेलो, तर शेवटी प्रत्येक कार्यालयाला स्वतंत्र पान मिळते आणि आपण पुन्हा एफडीएचच्या जिन्यावर येतो. म्हणजे जुनी पद्धत ही नव्या पद्धतीचेच छाटणी न केलेले रूप आहे, असे म्हणायला हरकत नाही. ईएटीचे मर्म छाटणीत आहे. आधी वृक्ष भरपूर वाढू द्यायचा, मग त्याच्या फांद्या मागे छाटत आणायच्या. किती छाटायच्या? त्यासाठी नमुन्याचे पाच भाग करतात. चार भागांवर वृक्ष वाढवायचा आणि न दाखवलेल्या पाचव्या भागावर त्याचा अंदाज किती चुकतो ते पाहायचे. असे पाळीपाळीने पाचही भागांबाबत करायचे. ज्या आकाराचा वृक्ष न पाहिलेल्या उदाहरणांवर चांगला उतरतो, तो ठेवायचा. पाठांतर करणारा विद्यार्थी येथे सापडतो.

खरी सीमा आधीच माहीत आहे अशी कृत्रिम आकडेवारी संगणकावर तयार करून संशोधकांनी दोन्ही पद्धतींची तुलना केली, तेव्हा वृक्षाची सीमा एफडीएचपेक्षा खऱ्या सीमेच्या जवळ आली. पुढे याच गटाने जिन्याच्या पायऱ्यांवर डीईएसारखे कापड ताणणारी आवृत्ती काढली. अनेक वृक्षांचे ‘रँडम फॉरेस्ट’ वापरणारा लेखही २०२३ मध्ये आला. जंगलाची सरासरी घेतल्यावर एखादे प्रत्यक्ष एकक सीमेच्याही वर जाऊ शकते, म्हणून त्या लेखात ‘अतिकार्यक्षमते’ची चर्चा आहे. ‘आर’ या मुक्त संगणकभाषेत ‘ईएटी’चे पॅकेज कुणालाही विनाशुल्क उपलब्ध आहे. त्यासोबतच्या उदाहरणात शाळकरी मुलांच्या ‘पिसा’ चाचणीतील देशांची तुलना केलेली आहे. तेथे गणित, विज्ञान आणि वाचनाचे गुण हे ‘उत्पादन’ मानले आहे.

पहिल्या कार्यालयावर हा अन्याय नाही का?

पहिल्या कार्यालयाचा पोस्टमास्तर म्हणेल : ‘आम्ही दोघे आहोत, दर माणशी दीडशे पत्रे हाताळतो. शेजारी तिघे आहेत आणि तेही दीडशेच हाताळतात. त्यांना शंभर टक्के आणि आम्हाला ६७?’ त्याचे म्हणणे बिनतोड आहे. वृक्षाच्या लेखी २ ते ४ कर्मचारी हा एकच वर्ग झाला आणि त्या वर्गातला सर्वांत लहान घटक भरडला गेला. आठच कार्यालयांवर कुणी हे करणार नाही हे खरे. पाचशे कार्यालये असती तर वृक्षाने दोनचा आणि तीनचा वर्ग बहुधा वेगळा केला असता. पण प्रत्येक पानाच्या डाव्या कडेला, म्हणजे वर्गातल्या सर्वांत लहान एककाला, ही झळ थोडीफार लागणारच. जिन्याच्या आकाराची ती किंमत आहे. सरासरी चूक कमी झाली, हे वाक्य ज्याच्या वाट्याला उरलेली चूक येते त्याला फारसा दिलासा देत नाही.

दुसरा धोका याहून मोठा आहे. साध्या निर्णयवृक्षात पानावर सरासरी असते, तिला एखादा चुकीचा आकडा फारसा हलवू शकत नाही. येथे पानावर कमाल असते. एका कार्यालयाने ९५० च्या जागी चुकून किंवा मुद्दाम ९,५०० लिहिले, तर त्या पानावरचे आणि त्याच्या वरच्या सगळ्या पानांवरचे बाकी सारे एका रात्रीत नालायक ठरतात. डीईए आणि एफडीएचमध्येही हा दोष आहेच. पण एफडीएचमध्ये त्या एककाहून कमी निविष्ठा असलेले तरी सुटतात. वृक्षात एकाच पानावरचे लहान शेजारीही सापडतात. म्हणून विसंगत आकडे आधी वेगळे काढणे हे येथे अधिकच महत्त्वाचे ठरते. छाटणी ओव्हरफिटिंगवर उपाय करते, खोट्या आकड्यावर नाही. मशीन लर्निंगचे नाव ऐकून आकडे आपोआप शुद्ध होतात असे समजणाऱ्यांची संख्या वाढते आहे, म्हणून हे स्पष्ट सांगायला हवे.

नियामक अशा पद्धती प्रत्यक्ष वापरतात का?

सीमेवर आधारित पद्धती ते वापरतात, आणि त्यासाठी बऱ्याच सावधगिरीने नियम करतात. नॉर्वेच्या नियामकाने १९९७ पासून वीज वितरण कंपन्यांसाठी डीईए लावली. २००७ च्या पद्धतीत तर कंपनीला मिळणाऱ्या उत्पन्नाचा ६० टक्के भाग तुलनेतून काढलेल्या प्रमाण-खर्चावर आणि ४० टक्के तिच्या स्वतःच्या खर्चावर ठरू लागला. फिनलंडने आधी डीईए आणि एसएफए वापरल्या आणि २०१२ पासून दोहोंचे गुण जोडू पाहणारी ‘स्टोनेड’ नावाची पद्धत घेतली.

जर्मनीचा नियम सर्वांत बोलका आहे. २००९ मध्ये लागू झालेल्या नियमावलीत डीईए आणि एसएफए या दोन्ही पद्धती, त्याही खर्चाच्या दोन वेगवेगळ्या व्याख्या घेऊन, अशी चार गणिते प्रत्येक कंपनीसाठी करायची असतात. चारपैकी जो आकडा कंपनीला सर्वांत सोयीचा तो ग्राह्य. शिवाय कितीही वाईट निकाल आला तरी ६० टक्क्यांच्या खाली गुण द्यायचे नाहीत. विसंगत आकडे गणितातून आधी कसे वगळायचे, याचीही तरतूद नियमावलीच्या परिशिष्टात आहे. लहान कंपन्यांना सोपी, वेगळी प्रक्रिया निवडता येते. त्यामुळे देशातील आठशेहून अधिक वीज वितरण कंपन्यांपैकी दोनशेच्या आसपासच या तुलनेत उतरतात.

या तरतुदींचा अर्थ उघड आहे. कुठल्याही एका पद्धतीने काढलेल्या आकड्यावर पैसे कापावेत इतका विश्वास नियामकाचा स्वतःचाच नाही आणि शंकेचा फायदा तो कंपनीला देतो. हे ग्राहकाच्या खिशातून दिलेले औदार्य आहे, अशी टीका होऊ शकते. पण न्यायालयात टिकायचे तर दुसरा मार्ग फारसा नाही. निर्णयवृक्ष या दारातून आत यायचा असेल, तर चाराच्या जागी पाचवे-सहावे गणित म्हणून येईल. एकट्याने येणे कठीण. त्याच्या बाजूने मात्र एक गोष्ट आहे. ‘तुम्ही या पानावर आहात, कारण तुमची लाइन इतक्या किलोमीटरपेक्षा जास्त आहे आणि ग्राहक इतक्यांपेक्षा कमी; या पानावर सर्वोत्तम अमुक कंपनी आहे’ असे न्यायाधीशालाही कळेल अशा भाषेत वृक्ष सांगू शकतो. रँडम फॉरेस्टमध्ये शंभर-दोनशे वृक्ष एकत्र आले की ही सोय जाते. अचूकता वाढते, पण कारण सांगता येत नाही. ज्याचे पैसे कापले जाणार आहेत त्याच्या दृष्टीने यातले काय हवे, हे वेगळे सांगायला नको.

भारतात अशा मोजमापाचा अनुभव काय?

बँकांबाबत आहे, आणि तो रंजक आहे. अरुणव भट्टाचार्य, सी. ए. के. लव्हेल आणि पंकज सहाय यांनी १९८६ ते १९९१ या उदारीकरणाच्या सुरुवातीच्या काळातील ७० व्यापारी बँकांवर डीईए वापरून केलेला अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सर्वांत कार्यक्षम ठरल्या सार्वजनिक क्षेत्रातील बँका, त्यानंतर परदेशी बँका आणि सर्वांत मागे देशी खासगी बँका. रांगेत उभे राहून पासबुक भरून घेतलेल्या पिढीला हा निष्कर्ष पटणे अवघड आहे. पण बँकेचे ‘उत्पादन’ काय, हे आधी ठरवावे लागते. ठेवी गोळा करणे हेच काम मानले, तर खेडोपाडी शाखा असलेल्या सरकारी बँकांचे पारडे जड होते. ठेवी हा कच्चा माल मानला आणि कर्जे व नफा हे उत्पादन मानले, तर चित्र पालटू शकते. या प्रश्नावर बँकिंगच्या अभ्यासकांत अनेक वर्षे वाद आहे. निर्णयवृक्ष तो सोडवत नाही. त्याला जे रकाने दिले जातील त्यांतूनच तो फाटे फोडणार.

‘कार्यक्षमता कमी का?’ याचे उत्तर शोधण्यासाठीही वृक्ष वापरला जातो. आधी डीईएने गुण काढायचे, मग मालकी, भूगोल, आकार अशा घटकांवरून त्या गुणांचे वर्गीकरण निर्णयवृक्षाने करायचे. ही दोन टप्प्यांची रीत लोकप्रिय आहे, पण ती जपून वापरायला हवी. सगळ्यांचे गुण एकाच सीमेवरून निघालेले असल्याने ते परस्परांपासून स्वतंत्र नसतात, याकडे सिमार आणि पॉल विल्सन यांनी २००७ मध्ये लक्ष वेधले होते. वृक्षाने ‘मालकी हा पहिला फाटा’ असे सांगितले म्हणून मालकी हे कारण ठरत नाही.

महाराष्ट्रात वीज वितरणाला हे लावता येईल का?

नॉर्वे किंवा जर्मनीसारखी कंपन्यांची रांग येथे नाही. मुंबईतील ‘बेस्ट’, टाटा आणि अदानी सोडले तर जवळपास सारे राज्य ‘महावितरण’कडे आहे. तीन-चार कंपन्यांमध्ये सीमा आखण्यात अर्थ नाही. त्यांतील प्रत्येक जण आपल्या परीने एकमेवच ठरेल. पण महावितरणच्या आत परिमंडळे, मंडळे, विभाग आणि उपविभाग आहेत. उपविभागांच्या पातळीवर तुलनेला पुरेशी संख्या मिळते. निविष्ठा म्हणून कर्मचारी, रोहित्रांची क्षमता, वाहिन्यांची लांबी, दुरुस्तीवरचा खर्च; उत्पादन म्हणून विकलेली युनिट्स, ग्राहकसंख्या, न गेलेल्या विजेचे तास. गडचिरोलीतील जंगलातला उपविभाग आणि पुण्यातील कोथरूडचा उपविभाग यांना वृक्ष पहिल्याच एक-दोन फाट्यांत बहुधा वेगळे करेल. आज गळतीच्या टक्केवारीवरून सगळ्यांना एकाच रांगेत उभे केले जाते, त्यापेक्षा हे अधिक रास्त होईल. ग्रामीण भागातील अभियंत्यांची तक्रार नेमकी याच रांगेबद्दल असते.

तरीही ‘विकलेली युनिट्स’ या रकान्यापाशी अडायला होते. राज्यातील विनामीटर कृषिपंपांचा वापर मोजला जात नाही, तो अंदाजाने धरला जातो. त्या अंदाजावरून वीज नियामक आयोगासमोर ग्राहक प्रतिनिधी आणि कंपनी यांच्यात वर्षानुवर्षे वाद झाले आहेत. शेतीचा वापर फुगवून दाखवला की गळती कमी दिसते, हा त्यातला मुख्य आक्षेप. आता हाच आकडा निर्णयवृक्षात घाला. पानावर कमाल आकडा राज्य करतो. ज्या उपविभागाने पंपांचा वापर सर्वांत जास्त फुगवला, तोच त्या पानावरचा ‘सर्वोत्तम’ ठरेल, आणि प्रामाणिकपणे मीटर वाचणाऱ्या शेजारच्या उपविभागांना त्याच्याशी तोलून ७० किंवा ७५ टक्के मिळतील. हे टाळायचे तर मीटर असलेले आणि नसलेले पंप यांचे रकाने वेगळे ठेवावे लागतील आणि कृषी वाहिन्यांच्या मीटरवरील नोंदींशी अंदाज ताडून पाहावा लागेल. ते काम कुठल्याही अल्गोरिदमने होणारे नाही, आणि ते झाल्याशिवाय उपविभागांना गुण देणे जुन्या पद्धतीने काय किंवा नव्या पद्धतीने काय, सारखेच जोखमीचे राहील.